तंबाखूविरोधी चित्रकथा वर्गात करून घ्यायची असेल, तर ड्रॉइंग पेपर सगळ्यात शेवटी द्या

तंबाखूवर मुलांकडून चित्रकथा करून घ्यायचं ठरलं, की बहुतेक शाळांत पहिल्याच तासाला ड्रॉइंग पेपर वाटले जातात. "तंबाखूचे दुष्परिणाम, चार चौकटींत दाखवा," एवढीच सूचना असते. तासाभरानं हाती येतं ते सगळीकडे सारखंच. कवटी, कवटीच्या तोंडात सिगारेट, खाली हाडांची फुली आणि वर लाल अक्षरांत घोषवाक्य. ते भिंतीवर लागतं. आणि संध्याकाळी त्याच वर्गातला मुलगा घरच्या मोठ्या माणसासाठी पानठेल्यावरून खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी, घेऊन जातो. आपण काढलेली सिगारेट आणि हातातली ती पुडी यांचा काही संबंध आहे, हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

मीही पहिल्या वर्षी असंच केलं. त्यानंतर विदर्भातल्या खेड्यांत आणि दोन-तीनदा सोलापूरकडच्या शाळांत हा उपक्रम घेताना एक गोष्ट पक्की कळली: मूल चित्र काढताना शिकत नाही. समोर पुडी धरलेल्या माणसाला आपण काय म्हणायचं, हे ठरवताना ते शिकतं. चार चौकटींच्या कथेत ती जागा तिसऱ्या चौकटीत येते. खालची सगळी कामं त्या चौकटीसाठी आहेत.

हे वेळापत्रक सहावी ते आठवीच्या वर्गासाठी आहे. सहा तास, दोन आठवड्यांत पसरलेले. सहावी लहान वाटते म्हणून तिला सोडू नका. दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ साली झालेल्या पाहणीत आठवीपेक्षा सहावीच्या मुलांत तंबाखूचा वापर जास्त आढळला होता.

टप्पा १. आठवडाभर आधी: मोठ्यांची तयारी

आधी आपल्या गावात काय चालतं ते बघा. विदर्भात खर्रा, सोलापूर-नगरकडे तसाच मावा, कित्येक घरांत बायकांची मिश्री, म्हाताऱ्यांची तपकीर, शेतावर चुना लावून तळहातावर मळलेली तंबाखू, कुठे बिडी. शाळेजवळच्या दुकानात लटकणाऱ्या गोड सुपारीच्या पुड्याही या यादीत धरा, कारण बऱ्याच मुलांची सुरुवात तिथूनच होते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरत होते आणि धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के. असं असताना आपल्या भिंतींवर मात्र बहुतेक चित्रं सिगारेटची असतात. गावात जे खाल्लं जातं तेच चित्रात यायला हवं.

मग शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा. पालकांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कोणत्याही घराचं नाव येणार नाही, कोणाच्या दुकानाचं चित्र येणार नाही, आणि मुलांना घरी जाऊन कोणाला उपदेश करायला सांगितलं जाणार नाही. ही तिसरी गोष्ट ऐकली की बैठकीतला ताण उतरलेला मी स्वतः पाहिलाय.

शिक्षकांच्या खोलीतही बोलावं लागतं. एखादे सर खर्रा खात असतील तर मुलांना ते ठाऊक असतंच. त्यांना बाजूला काढू नका. शाळेच्या आवारात तंबाखू चालत नाही, हा नियम शिक्षकांनाही आहे, एवढं मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगावं आणि त्या सरांना कामात घ्यावं. एका शाळेत अशाच एका सरांनी मुलांसमोर उभं राहून सांगितलं, "मी बावीस वर्षं खातोय आणि सुटत नाही. म्हणून तुम्ही सुरू करू नका." तो तास मी घेतलेल्या कोणत्याही तासापेक्षा जड होता.

एका कागदावर काही क्रमांक लिहून ठेवा: तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा रुग्णालयातलं तंबाखू मुक्ती केंद्र, आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचे डॉक्टर. उपक्रमात कोणी तरी "मी खातो" म्हणणारच आहे. तेव्हा क्रमांक शोधत बसायची वेळ येऊ नये.

तारखेबद्दल एक सांगायचंय. ३१ मे हा जागतिक तंबाखूविरोधी दिन आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. त्या दिवसाची वाट पाहू नका आणि तो साजरा करायचा म्हणून जूनमध्ये घाईही करू नका. जुलैअखेर सुरू करून पोळा-गणपतीच्या आधी संपवा. लग्न, जत्रा, मिरवणूक, मंडपातली रात्र अशा जागी मोठी मुलं लहानांना "घे ना थोडी" म्हणतात. मुलांचं उत्तर त्याआधी तयार असायला हवं.

*सावधान:* "कोणाकोणाच्या घरी तंबाखू खातात, हात वर करा" असं कधीही विचारू नका. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं. हात वर करणाऱ्या एका मुलीनं पुढे चौथ्या चौकटीत स्वतःचे वडील तिरडीवर काढले. खाली लिहिलं, "बाबा, मी सांगितलं होतं." ती दोन दिवस शाळेत आली नाही. ती चूक पूर्णपणे माझी होती, आणि त्यानंतर मरणाचं चित्र मी वर्गात येऊ दिलेलं नाही.

टप्पा २. पहिला तास: माहिती, पण मोजकी

सहा-सात गोष्टींपेक्षा जास्त सांगू नका. मुलांच्या जिभेला, दातांना, खिशाला आणि खेळाला भिडेल तेवढंच घ्या. मी हे सांगतो:

चुना कशासाठी लावतात? चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून लवकर रक्तात उतरतं. सवय लावणारा पदार्थ तोच.

नुसती सुपारी, तंबाखू नसलेलीसुद्धा, निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीनं गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते. आधी तिखट लागलं की तोंडात आग होते, ठेचा खाववत नाही. मग तोंड कमी उघडायला लागतं, पाणीपुरी तोंडात मावत नाही. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात, अशांची जात नाहीत. पाणीपुरीचं हे उदाहरण सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो. पंचवीस वर्षांनी होणाऱ्या आजाराची गोष्ट त्यांना इतकी भिडत नाही.

बिडी पानात गुंडाळलेली असते म्हणून सौम्य नसते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती दात घासायची पूड नाही, आणि गरोदर बाईनं लावली तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं.

पैशाचा हिशोब फळ्यावर मुलांनाच करू द्या. रोजचे २० रुपये धरले तर वर्षाचे ७,३०० होतात. त्यात काय येईल, हे ती न विचारताच सांगतात. सायकल पहिली येते.

कायद्यातलं दोनच ओळींत: १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत विकणं २००३ च्या कायद्यानं बंद आहे. मोठ्यांसाठी आणायला पाठवलेल्या मुलालासुद्धा दुकानदारानं द्यायची नसते. मुलाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदच आहे.

शेवटी हे आवर्जून सांगा: २०१९ च्या देशव्यापी शालेय पाहणीत १३ ते १५ वयाच्या मुलांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरणारी निघाली. म्हणजे चाळीसच्या वर्गात छत्तीस-सदतीस जण न खाणारे. "सगळेच खातात" ही समजूत मुलांच्या मनात फार घट्ट असते, आणि ती मोडली की "नको" म्हणायला बळ येतं.

*सावधान:* तीन बोटांची परीक्षा वर्गात सगळ्यांसमोर करून घेऊ नका. ज्याचं तोंड उघडत नाही तो तिथेच उघडा पडतो. मुलांनी ती घरी आरशासमोर करावी आणि काही वाटलं तर एकट्यानं येऊन सांगावं.

*तपासा:* तास संपताना पाच वाक्यं खरी की खोटी विचारा. "सुपारीत तंबाखू नसेल तर चालते" या वाक्याला निम्म्या वर्गानं अजून "खरं" म्हटलं, तर पुढे जाऊ नका. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं पुन्हा द्या.

टप्पा ३. दुसरा तास: प्रसंग गोळा करणे

अजून कागद-रंग नाही. वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या करा. फळ्यावर प्रश्न लिहा: "तुला कुणी तंबाखू, खर्रा, सुपारी, बिडी आणायला सांगितली किंवा घे म्हटलं, असं कधी झालं? कुठे? तो नेमकं काय म्हणाला? तू काय केलंस?" नाव लिहायचं नाही, स्वतःचंही नाही आणि त्याचंही नाही. ज्याच्याकडे प्रसंग नाही त्यानं पाहिलेला लिहावा. सगळ्यांनी काही तरी लिहायचंच, म्हणजे कोण लिहितंय यावर कोणाचं लक्ष जात नाही.

चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा आणि निवडलेले सहा-सात प्रसंग स्वतःच्या अक्षरात उतरवून काढा. मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात.

आजवरच्या चिठ्ठ्यांत तेच-तेच प्रसंग पुन्हा येतात. सगळ्यात जास्त येतो निरोप्याचा: "जा रे, ठेल्यावरून आण, उरलेले दोन रुपये तुला." मग क्रिकेटनंतर पारावर बसलेल्या मोठ्या मुलांचा: "एवढासा घे, काही होत नाही." मग लग्नातलं पान-सुपारीचं तबक. मुलींच्या चिठ्ठ्यांत मिश्री येते, बहुतेक दातदुखीच्या निमित्तानं: "लाव थोडी, दुखायचं थांबेल." तुमच्या गावात आणखी निराळं काही निघेल, आणि तेच मोलाचं. मी वर दिलेले प्रसंग मुलांना वाचून दाखवू नका, नाही तर चाळीस चिठ्ठ्यांत तेच परत येतील.

तासाचा उरलेला भाग अभिनयाचा. जोड्या करा, एक देणारा, एक नको म्हणणारा. दोन मिनिटांनी अदलाबदल. "नको"च्या ज्या ओळी मुलांच्या तोंडून निघतील त्या जशाच्या तशा फळ्यावर लिहा. "नाही खात बे मी." "नाय रे, मला खो-खोला जायचंय." "तूच जा की आणायला, मला देत नाहीत ते." "दात दुखतोय तर दवाखान्यात ने ना."

इथे शिक्षकांची एक सवय आड येते. आपण लगेच भाषा शुद्ध करतो आणि "मित्रा, तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे" असं वाक्य मुलाच्या तोंडी घालतो. पारावर बसून असं कोणी बोलत नाही. जो मुलगा हे बोलेल त्याची दुसऱ्या दिवसापर्यंत टिंगल होईल, आणि हे मुलांना पक्कं माहीत असतं. म्हणून फुग्यात बोलीच ठेवा. वऱ्हाडी असो, माणदेशी असो, गोंडी बोलणाऱ्या मुलांचं मराठी असो.

*सावधान:* एखाद्या चिठ्ठीत "मी खातो" किंवा "मला जबरदस्तीनं देतात" असं निघालं, तर वर्गात त्याचा उल्लेख करू नका, अक्षरावरून पोराला पकडून विचारूही नका. पुढच्या तासाला सगळ्यांना सांगा, "कोणाला माझ्याशी एकट्यानं बोलायचं असेल तर मधल्या सुट्टीत मी ग्रंथालयात आहे," आणि खरंच तिथे बसा. आलेल्या मुलाला शिक्षा नाही आणि त्याला न विचारता घरी निरोपही नाही. सवय असेल तर आरोग्य केंद्राची वाट दाखवा आणि सोबत जा. जबरदस्ती असेल तर ते एकट्यानं पोटात ठेवायचं नसतं. मुलाला तसं सांगा, मुख्याध्यापकांना सोबत घ्या, आणि लागलं तर १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

टप्पा ४. तिसरा तास: चार चौकटी, चार वाक्यं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोघांत एक गोष्ट. प्रत्येक जोडी वहीत फक्त चार वाक्यं लिहील:

१. कोण, कुठे, काय चाललंय?
२. अडचण कशी येते?
३. तो किंवा ती काय म्हणते, काय करते?
४. त्यानंतर काय बदलतं?

चार चौकटींचा हा साचा ग्रामीण भागात भित्तिपत्रक-चित्रकथा करणारे कार्यकर्ते बरीच वर्षं वापरतात, आणि नवख्या हाताला तो पुरतो. सहा किंवा आठ चौकटी देऊ नका. मुलं त्या भाषणानं भरतात.

मुलांची पहिली गोष्ट साधारण अशी येते: १. राजू तंबाखू खातो. २. आई रागावते, राजू ऐकत नाही. ३. राजूला कॅन्सर होतो. ४. राजू मरतो, सगळे रडतात. "तंबाखू सोडा, जीवन जोडा."

यात तिसऱ्या चौकटीत राजू काहीच करत नाही, त्याला फक्त काही तरी होतं. वाचणाऱ्या मुलाच्या हाती काही लागत नाही. शिवाय पहिल्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मध्ये तीस वर्षं गेलेली असतात, म्हणून बारा वर्षांचा वाचणारा ती गोष्ट म्हाताऱ्यांची समजून सोडून देतो.

ही गोष्ट खोडू नका. जोडीजवळ बसून एकच विचारा: "राजूला पहिली पुडी कोणी दिली, त्या दिवशी काय झालं?" गोष्ट तिथे मागे न्या. एका जोडीची गोष्ट अशी बदलली:

१. क्रिकेट संपलंय, पारावर तिघं बसलेत. मोठा मुलगा पुडी उघडतोय: "घे, एक चिमूट. ताकद येते."
२. राजू हात पुढे करतो आणि मध्येच थांबतो. बाकीचे दोघं त्याच्याकडे बघतायत. विचाराच्या फुग्यात मोठ्या मुलाचं न उघडणारं तोंड आणि हातात पाणीपुरी.
३. राजू उठतो: "ताकद येते तर तुला धाव का नाही काढता आली? नाही खात बे मी. चला, अजून एक ओव्हर."
४. दोघं राजूबरोबर मैदानात. मोठा मुलगा पारावर एकटा, पुडी मिटलेली, नजर मैदानाकडे.

मोठा मुलगा शेवटी सुधारत नाही, हे मला फार आवडलं. "त्यानं तंबाखू कायमची सोडली" असा शेवट मुलं स्वतःही मानत नाहीत. शेवट छोटा आणि होण्यासारखा असू द्या.

घरातली गोष्ट असेल तर आणखी जपून. एका मुलीनं मिश्रीची गोष्ट आणली: १. आजी ओट्यावर मिश्री लावतेय, धाकटी बघतेय. २. आजी आत गेल्यावर धाकटीचं बोट डबीत. ३. मोठी बहीण तिचा हात धरते आणि आजीला हाक मारते: "आजी, ही पण लावायला लागली बघ." ४. आजी डबी वरच्या फळीवर ठेवतेय, तोंडातल्या तोंडात: "माझं मेलीचं बघून शिकली." इथे कोणी आजीला शिकवत नाही. भिंतीवर ही गोष्ट वाचून गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी ती पुन्हा वाचून दाखवायला सांगितली.

*तपासा:* चारही वाक्यं मोठ्यानं वाचून घ्या आणि विचारा:
– तिसऱ्या वाक्यात मूल स्वतः काही म्हणतंय किंवा करतंय का?
– ते वाक्य एका दमात बोलता येतं का?
– गोष्ट एका दिवसात, फार तर आठवड्यात संपते का?
– कोणी मरतंय का? असेल तर मागे या.
– तंबाखू खाणारा राक्षस, वेडा किंवा घाणेरडा दाखवलाय का? ज्याचे वडील खातात ते मूल ही गोष्ट वाचणारच नाही.

टप्पा ५. चौथा तास: कच्चं चित्र

वहीच्या एका पानाचे चार भाग करून काडीची माणसं. पंधरा मिनिटं पुरे. "मला चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांना डोक्याचा गोल, भुवयांच्या दोन रेषा आणि तोंडाची एक रेष फळ्यावर दाखवा. भुवया आत झुकल्या की राग, बाहेर झुकल्या की काळजी. एवढ्यावर सगळ्या गोष्टी निघतात. वर्गातला उत्तम चित्रकार प्रत्येक जोडीचं चित्र काढून द्यायला निघाला तर त्याला थांबवा.

या तासाला तीन चुका पकडा. पुडीवर कंपनीचं नाव किंवा खूण काढलेली असते, ती पुसा. साधी कोरी पुडी पुरते, नाही तर आपण फुकटची जाहिरात करतो. नमुना हवा म्हणून मुलं रिकाम्या पुड्या उचलून आणतात, ते आधीच बंद करा. आणि खर्रा कसा घोटतात, तंबाखू कशी मळतात याचं पायरीपायरीनं चित्रण नको.

टप्पा ६. पाचवा तास: पक्का कागद

आता कागद द्या. प्रत्येक जोडीला दोन ए-फोर, आडवे. एकाखाली एक जोडले की भिंतीवर लावण्याजोगा मोठा कागद होतो, आणि सुटे असल्यानं कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात प्रती निघतात. या क्रमानं चला:

१. चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर समास पट्टीनं आखा. झेरॉक्स यंत्र कडा खातं.
२. वरच्या कागदावर समासाखाली तीन सेंटिमीटरची पट्टी शीर्षकासाठी. तिच्याखाली १३ बाय १५ सेंटिमीटरच्या दोन चौकटी शेजारी-शेजारी, मध्ये सात मिलिमीटर.
३. खालच्या कागदावर तशाच दोन चौकटी वर, आणि तळाला तीन सेंटिमीटरची पट्टी. तिथे हेल्पलाइनचा क्रमांक आणि शाळेचं नाव. मुलांची नावं मागच्या बाजूला, पुढे नाहीत.
४. आधी प्रत्येक चौकटीत संवाद पेन्सिलीनं लिहा, वरच्या भागात. अक्षर निदान अर्धा सेंटिमीटर उंच. जो आधी बोलतो त्याचं वाक्य डावीकडे आणि थोडं वर.
५. मग त्या अक्षरांभोवती फुगा काढा.
६. मग उरलेल्या जागेत माणसं. शेवटी मागचं झाड, पार, ठेला.
७. काळ्या पेननं गिरवा. वाळल्यावर पेन्सिल खोडा.

क्रमांक चार आणि पाच उलटे झाले की काय होतं ते दर वर्षी एखादी जोडी दाखवतेच: आधी फुगा काढतात, मग वाक्य मावत नाही, अक्षरं बारीक होत जातात आणि तिसऱ्या चौकटीतलं मोलाचं वाक्य कोणालाच वाचता येत नाही. निळं पेन आणि पिवळा-गुलाबी रंग झेरॉक्समध्ये पुसट येतात किंवा येतच नाहीत. रंग हवाच असेल तर प्रत काढल्यावर प्रतीवर भरा.

*तपासा:* कागद फळ्यावर लावून सहा पावलं मागे जा. फुगे वाचता आले पाहिजेत.

टप्पा ७. सहावा तास: दुसऱ्या वर्गाकडून वाचून घेणे

ज्यांना काही माहीत नाही अशा पाचवीच्या चार-पाच मुलांना बोलवा. चित्रकथा हातात द्या. काढणाऱ्या जोडीनं तोंड उघडायचं नाही. वाचून झाल्यावर पाचवीच्या मुलांना विचारा: काय झालं? तो असं का म्हणाला? तू असतास तर काय म्हटलं असतंस? जिथे ते अडखळतात तिथे फुग्याचा क्रम किंवा चेहरा चुकलाय. दुरुस्तीला कोरा कागद चिकटवून वर नवी रेघ काढा, झेरॉक्समध्ये जोड दिसत नाही.

माहितीची तपासणी मात्र तुम्हीच करा. खर्रा खाणारा कबड्डीत दम लागून पडतो, ही चूक हमखास सापडते. दम बिडी-सिगारेटच्या धुरानं जातो, खर्ऱ्याची पहिली खूण तोंडात दिसते. "एकदा खाल्लं की लगेच कॅन्सर" हेही काढून टाका. मुलं आजूबाजूला रोज खाणारी धडधाकट माणसं बघतात, आणि एक गोष्ट खोटी वाटली की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

टप्पा ८. भिंतीवर लावणे, आणि नंतर

शाळेच्या सूचनाफलकावर एक प्रत पुरे. बाकीच्या बाहेर गेल्या पाहिजेत: पिठाची गिरणी, रेशन दुकान, एसटीचा थांबा, अंगणवाडी, दूध संकलन केंद्र, केशकर्तनालय. जिथे माणूस दहा मिनिटं वाट बघत उभा असतो तिथे तो वाचतो. जागेच्या मालकाची परवानगी मुलांनी मोठ्यांबरोबर जाऊन घ्यावी. डोळ्यांच्या उंचीवर लावा. अंगणवाडीत मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

*सावधान:* पानठेल्यावर किंवा त्याच्या समोर मुलांना कागद लावायला पाठवू नका. शाळेपासून ९१ मीटरच्या आत ठेला असेल तर त्याची तक्रार मुख्याध्यापक आणि समितीनं लेखी करायची. त्या भांडणात मूल पुढे करणं चूक आहे. घरातल्या कोणाला "तुम्ही माझी चित्रकथा बघून सोडा" असं म्हणायला लावणारा गृहपाठही देऊ नका. प्रत घरी नेली तर नेली.

परिपाठात आठवड्यातून एक चित्रकथा दोन मुलांनी वाचून दाखवावी, आधी फक्त दुसऱ्या चौकटीपर्यंत. तिथे थांबून समोरच्यांना विचारायचं, "आता ती काय म्हणेल?" दोन-तीन उत्तरं येऊ द्या, मग तिसरी आणि चौथी चौकट.

महिन्याभरानं, सणवार होऊन गेल्यावर, त्याच वर्गात पुन्हा बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या. प्रश्न एकच: "मधल्या काळात कोणी आणायला सांगितलं किंवा घे म्हटलं का? तू काय म्हणालास?" चित्रकथेतली ओळ शब्दशः आलेली असेल, तर ती ओळ वापरात आहे. "काहीच बोललो नाही, आणून दिलं" अशा चिठ्ठ्या जास्त असतील, तर पुढच्या वर्षी चित्राचा एक तास कमी करा आणि तो टप्पा ३ मधल्या अभिनयाला द्या.